पुरातन अन्नाची सूक्ष्म साक्ष

कोणत्या राजाने कोणत्या साली कोणता किल्ला घेतला, हे आमच्या शाळांतील मुले बिनचूक सांगतात. परंतु त्याच दिवशी किल्ल्याखालच्या वाडीत चुलीवर काय शिजत होते, असे कोणी विचारले तर मुलेच काय, शिक्षकही निरुत्तर होतात. वास्तविक माणसाच्या आयुष्याचा केवढा तरी भाग अन्न मिळविण्यात, ते कांडण्यादळण्यात, साठविण्यात आणि रांधण्यात खर्ची पडतो. इतिहासाने या व्यवहाराकडे पाठ फिरविली, याला इतिहासकारांची उपेक्षा काही अंशी कारण आहेच; तथापि साधनांचा अभाव हे त्याहून मोठे कारण होय. नाणे लोक पुरून ठेवतात, ताम्रपट पिढ्यान्‌पिढ्या जपतात. भाकरी कोणी जपून ठेवीत नाही. ती खाऊन संपावी यासाठीच केलेली असते.

ग्रंथांत अन्नाचे उल्लेख नाहीत असे नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात अन्नभोगाचे विस्तृत प्रकरण आहे. हे कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. हैदराबादकडील वाचकांना ते परके नाही. त्या प्रकरणात मांडे आहेत, वडे आहेत, नाना प्रकारची मांसान्ने आहेत आणि 'इडरिका' नावाचा एक पदार्थही आहे. नाव वाचून आपल्याला आजची इडली आठवते. पण त्या इडरिकेत तांदूळ नाही, ती उडदाच्या पिठाची आहे आणि तुपात तळलेली आहे. म्हणजे नाव टिकले, पदार्थ पालटला. शब्दाच्या आधाराने अन्नाचा इतिहास लिहिणाऱ्याने किती जपून पाऊल टाकले पाहिजे, याचे हे एक उदाहरण. आणि हे झाले राजाचे ताट. ज्या कुणब्याच्या धान्यावर ते ताट सजत होते, त्याच्या घरच्या जेवणासाठी सोमेश्वराने एकही प्रकरण लिहिले नाही. त्याने ते लिहावे अशी अपेक्षाही कोणी केली नसेल.

ग्रंथ जेथे मुके होतात तेथे कुदळीने बोलावे, ही रीत आपल्याकडे आता चांगली रुजली आहे. आम्हा इंदूरकरांना तिचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे नर्मदेच्या दक्षिण तीरावरील नावडातोली. अहल्याबाईंच्या महेश्वरच्या घाटावर उभे राहिले की पलीकडच्या काठावर हे स्थळ दिसते. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि वडोदऱ्याचे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय यांनी हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात तेथे उत्खनन केले. गोल आणि चौकोनी झोपड्यांचे ते ताम्रपाषाणयुगीन खेडे होते. तेथे जळून कोळसा झालेले धान्य विपुल मिळाले; लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील विष्णु मित्र यांनी ते तपासले. गहू, तांदूळ, मसूर, मूग, उडीद, वाटाणा, लाख, अळशी, बोरे, आवळे अशी त्यांची यादी आहे. पहिल्या वस्तीतील लोक मुख्यत्वे गव्हावर राहत होते आणि तांदूळ त्यानंतरच्या थरांपासून दिसू लागतो, हाही तपशील त्यातून कळला. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या निमाडी खेड्याचा इतका नेटका शिधा हाती यावा, ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती.

परंतु या पुराव्यात एक मोठे व्यंग आहे. दाणा टिकतो तो जळाला म्हणून. चुलीत सांडलेला, कणगीसह आगीत सापडलेला, भाजताना करपलेला असा दाणाच तेवढा आपल्यापर्यंत येतो. जो नीट शिजला आणि खाल्ला गेला तो येत नाही. याला करपलेल्या अन्नाचा इतिहास म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही. त्यातही गहू, तांदूळ, डाळी यांचे दाणे कोळसा झाले तरी आकार राखतात. हळदीचे कांडे, आले, अळूचा कंद, सुरण, रताळे, केळे यांचे मात्र कोळशात ओळखता न येणारे गोळे होतात किंवा मागे काहीच उरत नाही. ज्या अन्नाला कठीण बी नाही, ते या इतिहासातून जवळजवळ हद्दपारच झाले होते. दमट मुलखांतील लोक तर कंदांवर आणि फळांवरच अधिक जगत; यास्तव त्यांच्या वाट्याला 'येथे शेती उशिरा आली' असा निर्णय वारंवार आला. पुरावा नाही याचा अर्थ वस्तू नव्हती, असा घेण्यात आला.

हे व्यंग भरून काढणारी विद्या गेल्या पन्नास वर्षांत वाढीस लागली. वनस्पतींचे जे अवशेष डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, त्यांवरून प्राचीनांचे अन्न ओळखण्याची ही विद्या होय. परागकणांचा अभ्यास तिच्यापेक्षा जुना आहे. पण परागकण वाऱ्यावर दूरवर उडून जातात, त्यामुळे ते भोवतालच्या रानाविषयी जितके सांगतात तितके ताटाविषयी सांगत नाहीत. ताटाची बातमी देणारे साक्षीदार मुख्यत: दोन. एक फायटोलिथ, म्हणजे वनस्पतीच्या अंगात घडलेले सिलिकेचे कण, दुसरे पिष्टकण.

वनस्पती मुळांवाटे पाणी शोषते, तेव्हा त्या पाण्यात विरघळलेली सिलिकाही तिच्या अंगात जाते. पाणी पानांतून उडून जाते आणि सिलिका पेशींत साचून घट्ट होते. ज्या पेशीत ती साचली त्या पेशीचा जणू काचेचा ठसाच तयार होतो. पुढे पान कुजते, जळते, गुरांच्या पोटातून जाते. हा ठसा तसाच राहतो. भाताचे तूस हातावर चोळले तर जी खरखर लागते ती या सिलिकेची. तुसातील पेशींचा ठसा दोन शिंगांसारखा दिसतो, तर भाताच्या पानातील मोठ्या पेशींचा ठसा पंख्यासारखा. मक्याच्या पानात फुलीच्या आकाराचे ठसे असतात. भोपळ्याच्या सालीत खवले पाडलेल्या चेंडूसारखे असतात आणि लागवडीचा भोपळा रानभोपळ्यापेक्षा मोठा असल्याने त्याच्या सालीतील चेंडूही मोठे असतात. केळीचे ठसे तर ज्वालामुखीच्या मुखासारखे, मधे खळगा असलेले. हे कण इतके बारीक की शंभर कण ओळीने मांडले तरी कित्येकदा ती ओळ दोनचार मिलिमीटरच्या पुढे जात नाही.

या कणांकडे लक्ष गेले ते अन्नाच्या शोधात नव्हे. चार्लस् डार्विन 'बीगल' जहाजावर असताना केप व्हर्द बेटांजवळ अटलांटिकवर पडणारी बारीक धूळ त्याने गोळा केली. डार्विनने पाठविलेल्या पाच लहान पुड्यांत बर्लिनचे एरेनबर्ग यांना सजीवांपासून झालेल्या ६७ निरनिराळ्या आकृती सापडल्या. त्यांपैकी काही वनस्पतींच्या अंगातील या सिलिकेच्या होत्या. आफ्रिकेच्या गवतांची ही काच वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडत होती. पुरातत्त्वज्ञांनी मात्र तिचा पद्धतशीर उपयोग करावयास १९७० नंतरचे दशक उजाडावे लागले.

पिष्टकणांची गोष्ट निराळी. दाणा, कंद, मूळ यांत वनस्पती आपला शिधा पिष्टाच्या कणांनी साठविते आणि या कणांचे आकार जातीजातींत वेगळे असतात. बटाट्याचा कण मोठा, अंड्यासारखा, शिंपल्यावरच्या रेघांसारखी वलये असलेला. तांदळाचा अगदी लहान आणि कोनेदार. गव्हात मोठ्या चकत्या आणि बारीक गोळ्या एकत्र. कडधान्यांचा मूत्रपिंडाच्या आकाराचा आणि मधोमध उभी भेग असलेला. हळदीचा चपटा, लांबट आणि एका टोकाला निमुळता. अमेरिकेत एडवर्ड रायकर्ट यांनी १९१३ मध्येच शेकडो वनस्पतींच्या पिष्टकणांची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. पण हे कण हजारो वर्षे टिकतील असे तेव्हा कोणास वाटले नव्हते. आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षकांनी एकदा बटाट्याचा रस काचपट्टीवर घेऊन, ध्रुवित प्रकाश पाडणाऱ्या दोन पारदर्शक तकट्यांमध्ये ठेवून मुलांना दाखविला. काळोखात प्रत्येक कण चांदणीसारखा चमकतो आणि त्याच्या अंगावर काळी फुली उमटते. तकटी फिरविली की फुलीही फिरते. वर्गातील सर्वांत व्रात्य मुलगाही त्या दिवशी पाच मिनिटे नळीवरून डोळा काढीना. हीच फुली पुराणवस्तूंच्या संशोधकाची खूण. दगडी पाट्याच्या बारीक भेगांत, मडक्याच्या आतल्या खरबरीत पृष्ठभागात आणि दातांवरच्या कीटणात अडकलेले पिष्टकण जंतूंच्या तावडीतून वाचतात आणि सहस्रावधी वर्षांनी ही फुली दाखवितात.

या साक्षीचे सामर्थ्य प्रथम जगाच्या दुसऱ्या टोकाला दिसले. सॉलोमन द्वीपमालेतील बुका बेटावरच्या किलू गुहेतील दगडी हत्यारांवर अळूच्या जातीच्या कंदांचे पिष्टकण मिळाल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या हत्यारांचे वय सुमारे २८,००० वर्षे. न्यू गिनीच्या डोंगराळ प्रदेशातील कुक येथील दलदलीत केळीचे सिलिकाकण मिळाले आणि तेथे सुमारे साडेसहा-सात हजार वर्षांपूर्वी केळीची लागवड होत होती, असे २००३ मध्ये दाखवून देण्यात आले. ज्या न्यू गिनीला शेतीच्या इतिहासात कोणी ओटीवरही घेत नव्हते, तिला त्यामुळे माजघरात पाट मांडावा लागला.

आपल्या देशातील सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे हरियाणातील रोहतक जिल्ह्यातील फरमाणा. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांचे जपानी व रोहतकचे सहकारी यांनी २००६ पासून काही वर्षे तेथे उत्खनन केले. सिंधू संस्कृतीच्या ऐन भराच्या काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वी २५०० नंतरच्या शतकांतील हे गाव. शेजारी त्याची दफनभूमी. अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी तेथील मडकी, दगडी साधने आणि माणसांचे दात यांवरील पिष्टकण तपासले आणि २०१० मध्ये आपले निष्कर्ष मांडले. धान्ये आणि कडधान्ये अपेक्षितच होती. त्यांबरोबर आले, हळद, वांगे यांचेही कण मिळाले. हे ओळखण्यासाठी आजच्या स्वयंपाकातील भांड्यांचे अवशेषही त्यांनी तुलनेस घेतले होते. वृत्तपत्रांनी 'चार हजार वर्षांपूर्वीची आमटी' म्हणून या शोधाचे कौतुक केले. आम्हाला मात्र या सर्वांत एक लहानसा तपशील फार मोलाचा वाटतो. तेथील गुरांच्या दातांवरही आल्या-हळदीसारखे कण आढळले. गाय आपण होऊन हळद खणून खात नाही. घरातले उरलेसुरले, खरकटे अन्न दारापुढे गाईला घालण्याची रीत तेव्हाही असावी, असा याचा अर्थ संशोधकांनी लावला. आमच्या गल्लीत रोज सकाळी हेच घडते.

तथापि हळदीच्या बाबतीत आम्हास एक शंका येते आणि ती येथे मांडणे आवश्यक वाटते. पिष्टकण पाण्यात साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की फुगतात, फुटतात आणि त्यांची फुली नाहीशी होते. आता सांगलीकडच्या कोणत्याही हळदीच्या शेतकऱ्यास विचारावे: काढलेली हळद प्रथम शिजवितात, मग वाळवितात, मग पॉलिश करतात. अशा शिजविलेल्या हळदीच्या पुडीत शाबूत पिष्टकण कोठून राहणार? म्हणजे एखाद्या प्राचीन पाट्यावर हळदीचे धड कण मिळाले, तर ती हळद ओली वाटलेली असली पाहिजे किंवा न शिजविता वाळविलेली. हा दोष शोधाचा नव्हे. उलट शोधातून निघणारा हा पुढचा प्रश्न आहे. हळद शिजविण्याची आपली रीत केव्हाची? तिचे उत्तर फुटलेल्या आणि धड कणांचे प्रमाण मोजून कदाचित मिळेल. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाला हळदीच्या खळ्यावरील कुणब्याशी बोलल्यावाचून गत्यंतर नाही. वांग्यासारख्या फळात मुळात पिष्टच थोडे असते, तेव्हा त्याच्या दोनचार कणांवर किती भार टाकावा, हाही विचार करण्याजोगा आहे.

फरमाणानंतर व्हिएतनाममधील ऑक् एओ या प्राचीन बंदराचा उल्लेख केला पाहिजे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत भारताशी समुद्रमार्गे व्यापार करणाऱ्या फुनान राज्यातील हे नगर. तेथील दगडी पाटे-वरवंट्यांवर हळद, आले, कुलिंजन, लवंग, जायफळ, दालचिनी इत्यादी आठ मसाल्यांचे अवशेष मिळाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील एका पायांच्या पाट्याचे चित्र आम्ही पाहिले. ते कोणाही मराठी गृहिणीस दाखविले तर ती त्याला टाकी लावून द्यावयास सांगेल, इतके ते ओळखीचे आहे. आपल्याकडे फिरते जाते आले ते बरेच नंतर, सातवाहनकाळाच्या आसपास. त्यापूर्वीचे सारे दळणवाटण अशाच पाट्यावर होत होते.

सूक्ष्मदर्शक वस्तू दाखवितो. वस्तूचा उपयोग दाखवीत नाही. सिंधमधील कोट दिजी येथे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातील थरांत केळीचे सिलिकाकण आढळल्याची नोंद आहे. त्यावरून 'सिंधू संस्कृतीचे लोक केळी खात' असे कोणी म्हणेल. पण ज्वालामुखीच्या आकाराचे हे कण असतात केळीच्या पानात. रत्नागिरी-गोव्याकडील माणूस तत्काळ विचारील की, केळ खाल्ले होते की केळीच्या पानावर जेवले होते? पान हे ताट असू शकते, छप्पर असू शकते, गूळ बांधून आणलेले वेष्टन असू शकते. एका कणापासून एका घासापर्यंतचे अंतर वाटते तितके थोडे नाही.

चीनमधील लाजिया येथील शेवयांचा वाद या दृष्टीने मोठा बोधक आहे. भूकंपाने आणि पुराने गाडलेल्या या गावात एक मातीचा वाडगा पालथा पडलेला मिळाला आणि त्याखाली सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या पिवळसर शेवया. २००५ मध्ये पिष्टकण आणि सिलिकाकण यांच्या आधारे त्या राळ्याच्या आणि वरीच्या जातीच्या धान्याच्या आहेत, असे जाहीर झाले. त्यावर आक्षेप आला तो असा की, या भरड धान्यांच्या पिठाला चिकटपणा नाही, त्याच्या लांब शेवया ओढता येत नाहीत. शिवाय शिजलेल्या पदार्थात धड पिष्टकण राहतील कसे? आक्षेपाचा पहिला भाग समजण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. शेवया गव्हाच्या का करतात आणि ज्वारीच्या का करीत नाहीत, हे आपल्याकडील आज्यांना ठाऊक असते. मूळ संशोधकांनी पुढे २०१४ मध्ये उत्तर दिले: पीठ शिजवून उकड करावी आणि दाबयंत्रातून पाडावी, म्हणजे राळ्याच्याही शेवया होतात. हे दाबयंत्र म्हणजे चिनी सोऱ्या! वाद पुरता मिटला असे आम्ही म्हणणार नाही. पण चार हजार वर्षांपूर्वीच्या वाडग्यासंबंधीचा निर्णय अखेर उकड आणि सोऱ्या यांवर येऊन ठेपावा, याचे आम्हास फार कौतुक वाटते.

याहून कठीण प्रश्न भेसळीचा. पिष्टकण सर्वत्र आहेत. प्रयोगशाळेत वापरावयाच्या हातमोज्यांना आतून जी पूड लावतात ती कित्येकदा मक्याच्या पिष्टाची असते. २०१४ मध्ये काही संशोधकांनी स्वत:च्याच प्रयोगशाळांची अशी झडती घेतली आणि गहू, मका, बटाटा यांचे आजचे कण मोज्यांपासून उपकरणांपर्यंत ठिकठिकाणी मिळाल्याचे प्रांजळपणे प्रसिद्ध केले. त्यामुळे अमुक काळात तमुक धान्य होते, असे केवळ चारदोन गव्हाच्या कणांवरून कोणी म्हणू लागला तर त्याने प्रथम आपल्या डब्यातील पोळी कोठे खाल्ली, हे विचारावे लागते. दातांवरच्या कीटणाला संशोधक अधिक मान देतात तो याचसाठी. कीटण हे माणूस जिवंत असतानाच दगडासारखे घट्ट झालेले असते आणि त्याच्या आतील कण त्याच माणसाच्या तोंडात गेलेला असतो. इराकमधील शानिदार गुहेतील निअँडर्थल मानवाच्या दातांवर खजूर, बार्लीच्या जातीचे गवत आणि कडधान्य यांचे अवशेष मिळाले आणि त्यांतील काही कण शिजल्याच्या खुणा दाखवीत होते, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ मांसावर जगणारा म्हणून ज्याची ख्याती, तो चाळीस-पन्नास हजार वर्षांपूर्वी दाणे शिजवून खात होता.

आता थोडे आपल्या उपवासाविषयी. मिरचीचे पिष्टकण बहामा बेटांपासून पेरूपर्यंतच्या सात स्थळी मिळाले, त्यांतील सर्वांत जुने एक्वादोरमधील, सुमारे ६,१०० वर्षांपूर्वीचे. ज्या कसाव्याच्या कंदापासून आज साबुदाणा होतो त्याचे कण पनामातील अग्वादुल्से येथील दगडी साधनांवर, मक्याबरोबर मिळाले. तेही पाच ते सात हजार वर्षांपूर्वीचे. मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात शिवातोश्त्ला येथे तर मक्याचे एक कणीसही टिकले नव्हते. दळण्याच्या दगडांवरील पिष्टकण आणि मातीतील सिलिकाकण यांवरूनच ८,७०० वर्षांपूर्वी तेथे मका होता, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. बटाटा, रताळे, भुईमूग, राजगिरा, साबुदाणा, मिरची हे सारे मूळचे अमेरिकेचे; पोर्तुगिजांनी समुद्रमार्ग उघडल्यानंतर ते आपल्याकडे आले. आमच्या एकादशीच्या ताटात जे धर्मशुद्ध म्हणून विराजमान असते, त्यांपैकी अर्धेअधिक ज्ञानेश्वरांनी पाहिलेही नव्हते. गव्हातांदळाला जो निषेध होता तो नव्याने आलेल्यांना लागू झाला नाही, हे त्यामागचे साधे कारण असावे, असे आमचे मत आहे. आणि ज्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीला आपण मराठी मातीची खूण मानतो, तीही धान्ये आफ्रिकेतून, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या सुमारास आली. यात कोणी खट्टू होण्याचे कारण नाही. कुळीथ आणि मूग आपले घरचेच आहेत.

या विद्येचे खरे ऋण आम्हास वाटते ते गरिबाच्या धान्यासंबंधी. वडोदऱ्याच्या विश्वविद्यालयातील पी. अजितप्रसाद आणि स्पेनमधील संशोधक यांनी मिळून उत्तर गुजरातेतील लोटेश्वर, दात्राणा अशा लहान स्थळांचा अभ्यास केला. तेथे नगरे नाहीत, तटबंदी नाही, धान्याची कोठारे नाहीत. गुरे पाळणाऱ्या लोकांच्या वाळूच्या टेकाडावरील या वस्त्या. जळालेले दाणे तेथे फार थोडे राहतात. परंतु दळण्याच्या दगडांवरील कणांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, पाच हजार वर्षांच्या आसपास हे लोक बारीक भरड धान्ये आणि कडधान्ये पिकवीत आणि दळीत होते. पावसाच्या भरवशावर, थोड्या दिवसांत येणारे, उखळात कांडावे लागणारे, कोणत्याही राजाच्या कोठारात मानाने न शिरलेले असे हे धान्य. आपल्या बोलीत राळा, वरी, सावा, कोद्रा. मोहेंजोदडोच्या स्नानगृहावर ग्रंथांचे ढीग पडले आहेत; दात्राण्याच्या पाट्याला मात्र आपली गोष्ट सांगण्यासाठी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या कणाची वाट पाहावी लागली.

येथे एका दु:खद गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. उत्खननातील वस्तू स्वच्छ धुऊन, घासून, त्यांवर शाईने क्रमांक घालण्याची पद्धत सर्वत्र होती. त्या काळी तीच शिस्त समजली जाई आणि त्यात कोणाचा दोष नाही. परंतु मडक्याला ब्रश लागला की त्यातील अन्नही गटारात जाते. एका संग्रहालयाच्या पडवीत आम्ही जुने पाटे रांगेने मांडलेले पाहिले. त्यांना दर दिवाळीला पाण्याने धुऊन चकचकीत ठेवतो, असे तेथील सेवकाने मोठ्या अभिमानाने आम्हास सांगितले. काय बोलावे ते सुचेना. दगडाच्या खोल भेगांत काही कण अशाही स्थितीत राहतात, ही त्यातल्या त्यात आशा. दातांची अवस्था याहून बरी आहे. घोड नदीकाठच्या इनामगावी १९६८ ते १९८३ या काळात दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्या सांगाड्यांवर ल्यूकाच व वाळिंबे यांचा ग्रंथ १९८६ मध्ये निघाला. त्यांतील प्रौढांच्या दातांवर जेथे कीटण राखले गेले असेल, तेथे बार्ली खाणाऱ्या त्या शेतकऱ्यांची न जळलेली भाजी आणि कंद अजून शोधता येतील.

एक अडचण मात्र संग्रहालयाबाहेरची आहे. जुना कण ओळखावयाचा तर शेजारी ठेवण्यास आजचा, निश्चित ओळखीचा कण हवा. गहू-तांदळाचे नमुने जगभर आहेत; बारीक धान्यांचे तसे नाही. कोद्रा, कुटकी, सावा, राळा यांच्या तुसांतील ठसे एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की, निरनिराळ्या मुलखांतील अनेक झाडे तपासल्यावाचून त्यांत फरक करता येत नाही. ही झाडे प्रयोगशाळेत उगवत नाहीत. ती झाबुआच्या भिल्लांच्या उतारावरील शेतांत, डांगात, कोकणातील वरकस जमिनीत, बेळगावच्या पश्चिमेकडील घाटमाथ्यावर अजून थोडीफार पेरली जातात आणि कोणते कणीस हळवे, कोणते गरवे, कोणते न भिजविता कांडले तर घशाला लागते, हे तेथील म्हाताऱ्या बायकांना पाठ आहे. त्यांच्या पाभरीत दरवर्षी सोयाबीन आणि संकरित मका अधिक पडत आहेत. आमच्या इंदूरच्या सियागंज बाजारात गेल्या महिन्यात राळे मागितले, तेव्हा दुकानदाराने पक्ष्यांना घालावयाचे आहेत काय, असे विचारले आणि पिंजऱ्यांच्या दुकानाकडे बोट दाखविले.